अजून उघड

"कुठल्या गाढवानं मिक्स केलंय हे?"

मी हेडफोन काढून टेबलावर आपटला. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं होतं. उजव्या कानात कुणीतरी खिळा घेऊन पत्र्यावर ओढत होतं, आणि त्या कर्कश ओढीच्या खाली, कुठंतरी लांब, ठेका चालला होता.

डॉ. ईशानी वर्तक माझ्याकडं बघत राहिल्या. पुण्यातल्या त्यांच्या दवाखान्यातली ती भिंतींना गादी लावलेली खोली, आणि आम्ही दोघंच. बाई एरवी बोलायला भारी खमक्या, पण त्या वेळी त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

"मगदूम, हे तुमचंच आहे," त्या म्हणाल्या. "'काच'. नव्या कानानं पहिलं हेच ऐकायचं म्हणून तुम्हीच आणलंत."

मी पुन्हा हेडफोन उचलला. फक्त डाव्या, जुन्या कानाला लावला. 'काच' वाजत होतं. माझं 'काच', गोड, लख्ख, जसं मी चार वर्षं ऐकत आलो तसं. मग उजव्याला लावला. खिळा. पुन्हा डाव्याला. पुन्हा उजव्याला. असं किती वेळा केलं देव जाणे, शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातातनं हेडफोन काढून घेतला. ज्या गाण्यावर परदेशात पोरं बेभान होऊन नाचली, ज्यानं मला घर दिलं, नाव दिलं, ते गाणं हे असलं होतं?

मी जिनेंद्र मगदूम. लोक मला 'डीजे पेव' म्हणून ओळखतात. म्हणजे जे ओळखतात ते. आमच्या धंद्यात फार लोकांनी ओळखलं तर तो अपमान असतो. मी हाउस म्युझिक करतो. मिनिटाला एकशेवीस-बावीसच्या लयीत न थकता चालणारा ठोका, आणि त्यावर हळूहळू चढत जाणारे सुरांचे थर. हे रेडिओवर लागत नाही आणि लग्नाच्या वरातीत तर नाहीच नाही. बंद पडलेल्या कारखान्यांत वाजतं, तळघरांत वाजतं. अंडरग्राउंड म्हणतात त्याला. आमचे बाबा पाहुण्यांना सांगायचे, "पोरगं जमिनीखाली कायतरी वाजवत असतंय."

ते खोटंही नव्हतं. हरिपुरात मामांची हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खोदलेली कोठी, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस. महापुरानंतर ती रिकामी पडली. मी दोरीनं एक स्पीकर आत सोडायचो, मागोमाग माइक सोडायचो आणि वरनं ठोका वाजवायचो. मातीच्या पोटातनं तो असा घुमून वर यायचा की कॉम्प्युटरच्या बापाला जमणार नाही. त्यावरनं माझं नाव पडलं.

पण नाव गाजलं ते घुमण्यानं नाही. गाजलं ते काचेसारख्या लख्ख आवाजानं, आणि ती काच दिली आक्कानं.

पद्मलआक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मिरजेत नजीरचाचांच्या सतारीच्या कारखान्यात ती जवारी काढते. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरनं जातात, तिचा माथा कानशीनं अगदी केसभर घासायचा. तार तिथं नुसती टेकून उपयोग नाही, ती घोडीला चाटत गेली पाहिजे. तसं झालं की आवाजाला झंकार येतो, वरचे बारीक सूर जागे होतात. याला म्हणायचं जवारी उघडली. कमी घासलं तर आवाज मुका, जास्त घासलं तर किरकिरा. घासायला हात लागतोच, पण कुठं थांबायचं ते कान सांगतो. आक्काचा कान मिरजेत नावाजलेला होता.

म्हणून माझं प्रत्येक गाणं आधी तिच्यापुढं. घराच्या मागच्या खोलीत मोठे स्पीकर लावलेले, त्यांच्या अगदी तोंडाशी ती पाट घेऊन बसायची. मी म्हणायचो, कानात बोळे घाल. ती म्हणायची, "बोळे घालून जवारी काढतात का कुणी, शहाण्या?" मग मी विचारायचो, "आक्का, चावतंय का?" म्हणजे वरचे सूर फार टोचतायत का. ती डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची, "अजून उघड."

मी उघडायचो. वरच्या सुरांचं ते एक बटण, दर गाण्याला जरा पुढं. आठ वर्षं हेच चाललं. बाहेरच्या देशांतले लोक त्या आवाजाला 'मिरज ग्लास' म्हणायला लागले. नक्कल करणाऱ्यांचं तर नुसतं पेव फुटलं.

"समजावून सांगा मला," मी डॉक्टरांना म्हटलं. "तुमच्या औषधानं माझा कान बिघडला का?"

"बिघडलेला होता, तो सुधारलाय," त्या म्हणाल्या, आणि कागदावर गोगलगाय काढली. "आतल्या कानात अशी वेटोळी नळी असते. तिच्यात केसासारखे तुरे असलेल्या पेशी ओळीनं बसलेल्या. आवाज आला की तुरे हलतात आणि नस ती खबर मेंदूला पोचवते. बारीक, उंच आवाजाच्या पेशी नळीच्या तोंडाशी. जाड आवाजाच्या आत खोलवर. आता आवाज कुठलाही असो, आत जाताना तोंडाशी बसलेल्यांना तुडवूनच जातो. दाराजवळची फरशी पहिली झिजते ना, तसं. कोंबडीच्या कानात मेलेली पेशी पुन्हा उगवते. आपल्या कानात नाही उगवत."

"म्हणून तुमचं ते कानात सोडायचं जेल."

"म्हणून जेल. तुरेवाल्या पेशींच्या शेजारी ज्या नुसत्या आधाराला उभ्या असतात, त्यांना ते जागं करतं आणि नव्या पेशी बनवायला लावतं. तुमच्या कानात शिट्टी वाजते म्हणून तुम्ही प्रयोगात आलात. आम्ही नियमाप्रमाणं एकाच कानाला दिलं. त्या कानाला आता वरचे सूर जसे आहेत तसे ऐकू येतायत."

"म्हणजे डावा…"

"डावा वरच्या सुरांना बहिरा आहे. दोन्हीही होते. वर्षानुवर्षं थोडंथोडं कमी होत गेलं की माणसाला पत्ता लागत नाही, कारण मेंदू नव्या शांततेलाच खरं मानायला लागतो. तुम्हाला जेवढं कमी ऐकू यायचं, तेवढं तुम्ही गाण्यात वाढवत गेलात. 'काच' म्हणजे तुमच्या बहिरेपणाचा साचा आहे, मगदूम."

मी म्हटलं, "अहो, पण लोकांना आवडलं की! हजारो लोकांना!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बालवाडीपासनं हेडफोनच्या कानपट्ट्या लावून शिकलेली पिढी आहे ही. तिचे कान कुणी तपासलेत?"

मला त्या पिढीचं काही पडलं नव्हतं तेव्हा. माझ्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट आली. स्पीकरच्या तोंडाशी मांडलेला तो पाट.

दुसऱ्याच दिवशी मी मिरजेला गेलो. वाटेत कौस्तुभचा फोन आला. कौस्तुभ माझे कार्यक्रम ठरवतो, पुण्याचा आहे, आणि त्याला सगळ्यावर तोडगा सुचतो. कुपवाडला रविवारी दुपारी आमचा मोठा कार्यक्रम होता. मी त्याला झाला प्रकार सांगितला. तो हसत सुटला. "अरे भावा, सोपं आहे. एका कानानं ऐक, दुसऱ्यानं सोडून दे! उजव्यात बोळा घाल, डाव्यानं वाजव. पब्लिकला काच पाहिजे." मी फोन बंद केला.

कारखान्याच्या गल्लीत शिरलो आणि जिन्याखालीच थांबलो. वरनं सतारीचा आवाज येत होता. कुणीतरी एकेक तार छेडून बघत होतं, आणि प्रत्येक तार किंचाळत होती. मी मनात म्हटलं, एखादा नवा शिकाऊ असेल. देवा, नवा शिकाऊच असू दे.

आक्का होती.

खिडकीशी, नेहमीच्या जागी, मांडीवर कापड, हातात कानस. तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायची, समाधानानं मान हलवायची, आणि पुन्हा घासायची. नजीरचाचांची मांजर बेगम दारात होती. तार वाजली की कान मागं टाकून ती जिना उतरायची, आवाज थांबला की परत यायची. चाचा कोपऱ्यात भोपळ्याला लाख लावत बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझा चेहरा बघितला, आणि मान खाली घातली.

मी आक्काच्या मागं गेलो. हळूच म्हटलं, "आक्का, शेव आणलीय."

ती न वळताच म्हणाली, "कसली ठेव? कुणाची?"

"शेव, आक्का. शेव."

आता ती वळली, माझ्या तोंडाकडं बघितलं. "हां, शेव! मग नीट बोल की जिन्या. हल्ली सगळेच तोंडात गूळ धरल्यासारखे बोलायला लागलेत. ठेव तिथं, हात खराब आहेत माझे."

मी शेव खिडकीत ठेवली. चाचा मला चहाच्या निमित्तानं खाली घेऊन गेले. गल्लीत उभं राहून म्हणाले, "चार वर्षं झाली, बेटा. माझ्या लक्षात आलं होतं. पण सांगायचं कसं? ज्या पोरीला मी या हातानं शिकवलं, तिला म्हणू, तुझा कान गेला? ती घरी गेली की मी बसतो नवी घोडी घेऊन. गिऱ्हाईकाला माझी जवारी जाते, नाव तिचं."

"मला तरी सांगायचं चाचा!"

"तुला? तुझ्या त्या भोंग्यांपुढंच तर बसायची ती."

ते तसं रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.

मी वर जाऊन आक्काला सरळ सांगून टाकलं. माझ्या कानाचं, डॉक्टरांचं, काचेचं, सगळं. म्हटलं, "तुझेही कान गेलेत आक्का, आणि ते माझ्यामुळं गेलेत. पण औषध निघालंय. चल पुण्याला." मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, नाही म्हणेल. ती कानस पुसून खणात ठेवत म्हणाली, "चल." एवढ्या चटकन म्हणाली की मलाच चमकल्यासारखं झालं, पण तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. औषध आहे ना, मग झालं, एवढंच डोक्यात होतं.

डॉ. वर्तकांनी तिला दुपारभर तपासलं. मग मला एकट्याला आत बोलावलं.

"पेशी आम्ही उगवू शकतो," त्या म्हणाल्या. "पण पेशीपासनं मेंदूपर्यंतची नस जिवंत लागते. मीटर नवा बसवला आणि तारच तुटलेली असली तर दिवा लागेल का? तुमच्या नसा शाबूत होत्या. तुम्ही कार्यक्रमात निदान बोळे घालत होता, मध्ये मध्ये खोलीबाहेरही जात होता. तुमच्या आक्का मात्र बसल्या बोळ्यांशिवाय, स्पीकरपासनं हातभर अंतरावर, वर्षानुवर्षं. वरच्या सुरांच्या नसा दोन्ही कानांत गेल्यात. मला वाईट वाटतं."

"एखाद्या वर्षानं? दुसरं काही औषध?"

"आज तरी नाही. आणि खोटी आशा मी लावत नाही."

मी बाहेर आलो. व्हरांड्यातल्या बाकावर आक्का बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी अजून काही बोललोही नव्हतो.

"नाही ना होणार?" ती म्हणाली. "मला वाटलंच."

"वाटलंच म्हणजे? तुला माहीत होतं?"

"बेगमवरनं कळलं. ती आधी माझ्या मांडीवर झोपायची. मग मी तार छेडली की पळायला लागली. दोन-तीन महिने बघितलं. म्हटलं, मांजराला काय माझ्याशी वैर आहे?"

"आणि चाचा तुझ्यामागं सगळं पुन्हा करतात ते?"

"सकाळी घोडीवर ताजी भुकटी असते. बहिरी झाले म्हणून आंधळी पण झाले का?" ती हसली. खरंच हसली. "म्हाताऱ्याला वाटतं मला कळत नाही. त्याला बरं वाटतं तसं. म्हणून मी काही बोलत नाही."

"मग मला का सांगत होतीस? चार वर्षं! अजून उघड, अजून उघड! ऐकू येत नव्हतं तर म्हणत कशाला होतीस?"

"ओरडू नको. ओरडलास की जास्तच कळत नाही." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "पहिल्या पहिल्यांदा खरंच बंद वाटायचं. मग काही वाटायचंच थांबलं. तू विचारायचास, चावतंय का, आणि तोंडाकडं बघत बसायचास, लहानपणी बघायचास तसा. काहीतरी म्हणायला पाहिजे. मागल्या खेपेला 'उघड' म्हटलं होतं तर तुझं केवढं नाव झालं. म्हटलं, तेच म्हणावं."

"तेच म्हणावं?"

"हो. दरवेळी तेच म्हटलं."

ऐका. माझं नाव ज्या आवाजावर उभं राहिलं, ज्याच्यावर परदेशातल्या लोकांनी लांबलचक लेख लिहिले, पौर्वात्य झंकार म्हणाले, मिरजेची परंपरा म्हणाले, तो आवाज एका बहिऱ्या बाईनं अंदाजपंचे म्हटलेला एक शब्द होता. आणि तो ऐकून बटण फिरवणारा दुसरा बहिरा मी.

"नुसतं म्हणायचं होतंस की ऐकू येत नाही," मी म्हटलं. "मी काय खाल्लं असतं तुला?"

"म्हटलं असतं तर तू विचारायचा थांबला असतास."

मी तिच्याशेजारी बाकावर टेकलो.

"आणि मला वाटलं, माझेच गेलेत," ती म्हणाली. "तुझे तर शाबूत आहेत. फार झालं तर तू बघशील."

आणि मला वाटत होतं, आक्काचा कान आहे, ती बघेल. मी त्या बाकावर बसून ढसाढसा रडलो. येणारेजाणारे थांबून बघत होते आणि आक्का त्यांना हातानंच जा जा म्हणत होती.

रविवारी कुपवाडला मी कार्यक्रमाला गेलो. कौस्तुभला वाटलं, गडी शहाणा झाला. मला वेगळंच करायचं होतं. डॉक्टरांचा तो प्रश्न माझी पाठ सोडत नव्हता. आम्ही दोघंच असे आहोत का? एका घरातल्या दोन येड्यांची ही चूक आहे, की सगळीकडं हेच आहे? आम्ही दोघंच निघू दे, असं मी मनापासून म्हणत होतो.

बंद पडलेल्या गिरणीची ती लांब शेड. वरच्या काचांतनं ऊन खाली येत होतं. दोनेक हजार पोरंपोरी, बहुतेक विशीतली, गळ्यात कानपट्ट्या लटकवलेल्या. सगळ्यांत पुढं कठड्याला लागून आक्काची प्लास्टिकची खुर्ची. माझ्या प्रत्येक कार्यक्रमात ती तिथंच असते, सगळी पोरं तिला आक्काच म्हणतात. मी आलो तसा "पेव! पेव!" असा गलका झाला, मग "काच! काच!"

मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. माइकवर म्हटलं, "गाण्याआधी एक छोटा खेळ. मी एक सूर वाजवणार आहे. ज्यांना ऐकू येईल त्यांनी हात वर करायचा. बाकीच्यांनी खरं तेच करायचं."

पोरं हसली. खेळ म्हणजे आवडतोच. शेड शांत झाली.

मी सूर लावला. एकच सूर, बारीक, उंच, रातकिड्याच्या आवाजाएवढा. मोठा ठेवण्याची हिंमतच नव्हती. माझ्या उजव्या कानात तो स्वच्छ, सरळ वाजायला लागला. डाव्यात काहीच नाही. शेडच्या दरवाज्यात एक गावठी कुत्रं झोपलं होतं, ते ताडकन उठून उभं राहिलं, कान टवकारून स्पीकरकडं बघायला लागलं.

माणसांपैकी कुणी हललं नाही.

दोन हजार चेहरे माझ्याकडं बघत होते, हसरे, तयार, सूर कधी सुरू होतोय याची वाट बघत. मागनं कुणीतरी ओरडलं, "चालू कर की भावा!" सगळे हसले. कौस्तुभ पळत आला आणि माझ्या डाव्या कानाशी लागून म्हणाला, "स्पीकर उडाला का रे? काहीच येत नाहीये."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. दोघंच नव्हतो आम्ही. आम्ही सगळेच.

आणि मग एक हात वर गेला.

सगळ्यांत पुढं, प्लास्टिकच्या खुर्चीतनं. आक्का माझ्या चेहऱ्याकडं बघत होती, जशी स्पीकरपुढं बसून बघायची तशी, आणि तिनं हात उंच धरला होता. बांगडी कोपरापर्यंत घसरली होती. मला काय हवंय ते तिला दिसलं होतं, आणि ते ती मला देत होती.

मी माइक तोंडाजवळ घेतला. तिला ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश बोललो.

"आक्का, चावतंय का? खरं सांग."

तिनं माझे ओठ वाचले. मग तिचा चेहरा पडला आणि तिनं हात हळूहळू खाली घेतला.

शेडमध्ये आता एकही हात वर नव्हता, आणि तो सूर वाजतच होता.